पाचटाने अडवलेलं तेल

आपल्याकडे इंदूर-बडोद्याच्या आठवणी नेहमी येतात. आज जरा लांबच्या आपल्या माणसांचा देश, मॉरिशस. एकोणिसाव्या शतकात कोकणातली कितीतरी कुटुंबं तिथे उसाच्या मळ्यांत मजुरीला गेली. त्यांचे वंशज आजही स्वतःला मराठीच म्हणवतात.

२५ जुलै २०२० ला 'वाकाशिओ' हे जपानी मालकीचं जहाज तिथल्या प्रवाळावर अडकलं. ६ ऑगस्टला तेल गळू लागलं. सुमारे १,००० टन समुद्रात गेलं. खारफुटी धोक्यात, मच्छीमारांच्या पोटावर पाय. सरकारची वाट न बघता हजारो लोक किनाऱ्यावर जमले. माएबूर गावात कापडाच्या लांब पिशव्या शिवल्या, आत उसाचं पाचट ठासलं, तरंगायला रिकाम्या बाटल्या घातल्या. कित्येकांनी केस कापून दिले. केसाला आणि पाचटाला तेल धरतं, एवढंच त्यामागचं शास्त्र. मात्र तेल प्यायलेलं पाचट वेळेत बाहेर काढावं लागतं, नाहीतर तीच घाण परत पाण्यात.

सगळं तेल काही अडलं नाही. पण ज्या उसापायी आपले लोक समुद्रापार गेले, त्याचंच पाचट त्या समुद्राच्या कामी आलं. आपण मात्र ते शेतात जाळतो!

मॉरिशसला कुणाचे नातेवाईक असतील तर जरूर लिहा.