मूठभर मदत

मंडळी, मागच्या महिन्यात पोरीच्या शाळेतून मेसेज आला. शनिवारी दोन तास मुलांचं वाचन घ्यायला पालक हवेत. मी नेहमीचं उत्तर टाकलं, ‘ऑफिस आहे, सॉरी.’ आणि त्याच आठवड्यात या एपिसोडसाठी कर्मवीर भाऊराव पाटलांबद्दल वाचत बसलो!

१९१९ साली कराडजवळच्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह. सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, एकाच पंगतीत जेवायची. पण रोजच्या भाकरीचं काय? त्यातून आला मुष्टिफंड. घरच्या बाईनं दळायला बसताना मूठभर धान्य बाजूला काढायचं. ते गोळा होऊन बोर्डिंगला जायचं.

आता बघा, त्या बायांना जातं, चूल, गुरं, शेत. सवड कुठली? म्हणून वेगळा वेळ मागितलाच नाही, मदत दळणातच बसवली. मला हे फार हुशारीचं वाटतं. (आणि हो, स्वतःची पोरं बोर्डिंगात नसलेल्याही घरांतून ती मूठ निघायची.)

मी मॅडमना परत मेसेज केला, ‘शनिवार जमत नाही. रोज सोडायला येतोच, पंधरा मिनिटं आधी येऊन दोघातिघांचं वाचन घेऊ का?’

उत्तर आलं, ‘उद्यापासून या.’