खाजकुइलीची बी आणि थरथरणारे हात

मागच्या आठवड्यात बचतगटातल्या एका ताईंनी आम्हाला विचारलं, "सासूबाईंचे हात थरथरतात. पार्किन्सनच्या गोळ्या चालू आहेत. जोडीला खाजकुइलीच्या बिया दळून देऊ का?" उत्तर देण्याआधी आम्ही या बीची गोष्ट शोधली.

हा वेल आपण लांबूनच ओळखतो. शेंगेवरची कुसं अंगाला लागली की दिवसभर खाजवत बसा! आयुर्वेदात तिचं नाव कपिकच्छू, आणि अशा थरथरीला म्हणतात कंपवात. लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजारावर लिहिलं, म्हणून त्यांचं नाव त्याला चिकटलं.

स्वित्झर्लंडच्या गुगेनहाइम यांनी १९१३ मध्ये बाकल्यातून लेव्होडोपा हा पदार्थ वेगळा काढला. स्वतः खाऊन पाहिला, तर उलट्या झाल्या. १९३७ मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांना तोच पदार्थ आपल्या खाजकुइलीत सापडला. म्हणजे औषध हातात होतं, पण कशावरचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढे १९५७ मध्ये स्वीडनच्या कार्लसन यांनी सशांना रेसरपिन दिलं, तेही आपल्या सर्पगंधेतलंच. ससे निपचित पडले. डोपा टोचल्यावर पुन्हा उठून हिंडू लागले. १९६० मध्ये व्हिएन्नात कळलं की पार्किन्सनच्या रोग्यांच्या मेंदूत डोपामिन फार कमी असतं. लेव्होडोपाचं मेंदूत डोपामिन होतं. १९६७ मध्ये अमेरिकेत कोट्झियास यांनी मात्रा हळूहळू वाढवत नेली, आणि जखडलेली माणसं चालू लागली.

तेव्हा ताई, दवाखान्याची गोळी आणि रानातली बी, दोन्हींत औषध एकच. दोन्ही एकदम दिली तर मात्रा वाढते. शिवाय गोळीत कार्बिडोपासारखं जोडऔषध असतं, त्यामुळे थोडक्यात भागतं. बीमध्ये ते नाही, आणि कुठल्या बीत लेव्होडोपा किती, हे डोळ्यांनी कळत नाही.

बी निकामी आहे असं मात्र नाही. २००४ मध्ये लंडनला आठ रोग्यांना ३० ग्रॅम पूड दिली, तर तिचा गुण गोळीपेक्षा लवकर आला आणि जास्त वेळ टिकला. पण बोलिव्हियात १६ आठवड्यांच्या चाचणीत रोज पूड घेणाऱ्या १४ जणांपैकी ७ जणांना ती मध्येच सोडावी लागली, कुणाला पोटाच्या त्रासाने, कुणाची हालचाल बिघडली म्हणून. आजार मुळातून थांबवणं ना बीला जमलंय, ना गोळीला.

ताईंनी पूड केली नाही. बियांची पुडी आणि गोळ्यांचं पाकीट एकाच पिशवीत घालून त्या सोमवारी सासूबाईंना घेऊन डॉक्टरांकडे निघाल्या आहेत.