सत्तांतराच्या चार वर्षे आधी : रिझर्व्ह बँकेची वाटचाल

इंग्रजी अमलात मध्यप्रांत-वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चाले. त्याच नागपूरच्या सचिवालयात चिंतामण द्वारकानाथ देशमुख अर्थसचिव होते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. मला मोलाची वाटते ती त्या नेमणुकीची तारीख, ११ ऑगस्ट १९४३. स्वातंत्र्य तेव्हा चार वर्षे दूर होते.

बँक सुरू झाली १ एप्रिल १९३५ रोजी, खासगी भागधारकांच्या पाच कोटींच्या भांडवलावर. ऑस्बर्न स्मिथ आणि जेम्स टेलर हे पहिले दोन गव्हर्नर. डेप्युटी गव्हर्नरांत मात्र सिकंदर हयात खान, मग मणिलाल नानावटी असे भारतीय आरंभापासून होते. देशमुख १९३९ मध्ये सरकार आणि बँक यांच्यातला दुवा सांभाळायला आले. पुढे ते संचालक मंडळाचे सचिव आणि डिसेंबर १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर झाले. फेब्रुवारी १९४३ मध्ये टेलर वारले. ती जागा कायमची भरायला सरकारने जवळजवळ सहा महिने लावले. हा वारसा कुणी ठरवून आखला होता असे म्हणता येणार नाही; पण बँकेत राहून, एकेक पायरी चढून माणूस तयार झाला होता. याउलट लष्कराला पहिला भारतीय सरसेनापती मिळायला १५ जानेवारी १९४९ उजाडावा लागला.

१९४३ ते १९४७ या चार वर्षांनी काय दिले? जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सच्या आंतरराष्ट्रीय चलनपरिषदेला गेलेल्या भारतीय शिष्टमंडळाचे प्रमुख इंग्रज अर्थसदस्य जेरेमी रेझमन होते, पण भारताच्या मध्यवर्ती बँकेच्या बाजूने तिथे देशमुख बसले होते. १५ ऑगस्ट १९४७ ला बँकेत गव्हर्नर बदलावा लागला नाही. आणि नेमके तेव्हाच सर्वांत अवघड काम पुढ्यात आले. ३० जून १९४८ पर्यंत हीच बँक भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक होती. 'पाकिस्तान सरकार' असा शिक्का मारलेल्या नोटा नाशिकला छापल्या जात होत्या. फाळणीपूर्व सरकारच्या शिल्लक रकमेतले पाकिस्तानच्या वाट्याचे ५५ कोटी काश्मीरच्या लढाईमुळे अडले आणि जानेवारी १९४८ मध्ये सुटले. इतक्या कडवट वातावरणात एका बँकेचे दोन हिशेब करणे नवख्याच्या हाती देण्याजोगे नव्हते.

१ जानेवारी १९४९ रोजी बँक सरकारी मालकीची झाली. त्याच वर्षी जूनअखेर देशमुखांनी सूत्रे सोडली आणि बेनेगल रामा राव त्यांच्या जागी आले.