सुरतेत तिसऱ्यांदा

सुरत स्टेशनाबाहेर रिक्षावाला तुमच्या बोलण्यावरूनच तुम्हाला ओळखतो. "कथा जानं शे भाऊ?" सुरतेच्या लिंबायत वस्तीतला असणार, मूळचा धुळे-नंदुरबारकडचा. ताप्ती लाइनच्या गाड्यांनी आलेली खानदेशी माणसं इथल्या यंत्रमागांवर आणि साड्यांच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या राबत आली आहेत. तुम्ही सांगता, वनिता विश्राम. तो मागं वळून विचारतो, "ग्राउंड ना? कसाना सेल शे आज?"

अठवा लाइन्सवरचं ते मैदान सुरतेला तोंडपाठ आहे. प्रदर्शनं तिथंच, मेळेही तिथंच. आवारात शिक्षणसंस्था आहेत, महिला विद्यापीठही आहे. पत्ता सगळ्यांना ठाऊक. विश्राम कुणाचा, हे मात्र विचारायचं राहून गेलंय. रिक्षावाल्याला कशाला बोल लावायचा? तुम्हीही आजवर विचारलं नव्हतंच.

मराठी माणसाला सुरत दोन कारणांनी आठवते. एक, शिवाजी महाराजांनी केलेली लूट, 1664 ची आणि पुन्हा 1670 ची. दोन, 1907 च्या काँग्रेसमध्ये भिरकावलेला जोडा. यापलीकडं आपलं सुरतेशी काही देणंघेणं असेल असं आपल्याला वाटत नाही. म्हणून आज तिसऱ्यांदा या. या खेपेला घोड्यावरून नको, प्रतिनिधीचं तिकीट खिशात घेऊनही नको.

आधी वाचनालयात बसा. 1877 चं सुरत-भडोच गॅझेटिअर मागवा. पिकं, जाती, देवळं, शाळा, सगळं शिस्तीत मांडलेलं आहे. इंग्रज साहेबाला घराच्या ओसरीपर्यंतचं सगळं दिसलं. विश्राम जिच्यासाठी निघाला ती विधवा मुलगी तुम्हाला पाहिजे, आणि ती माजघराच्याही मागं आहे. जुन्या संस्थांचा इतिहास धुंडाळणाऱ्यांची एक खोड असते: देणगीदारांच्या याद्या सापडल्या की ते हरखून जातात. अहवालात देणगीदार नावानिशी असतो, आश्रमातली मुलगी आकड्यात. तेव्हा अहवाल मिटा आणि त्याऐवजी एक गुजराती शब्द मनाशी धरा: खूणो. खूणो म्हणजे कोपरा. 'खूणो पाळणं' म्हणजे नवरा गेल्यावर बाईनं घराच्या एका कोपऱ्यात बसून राहणं. चार दिवसांचं सुतक नव्हे. महिनोन्‌महिने, कधी वर्ष उलटून जाईपर्यंत. हा शब्द हाती आला की गॅझेटिअरमध्ये नसलेली दारं उघडायला लागतात.

चला. डिसेंबर 1907. तापीवर थंडी उतरली आहे. नदीकाठी पोंक भाजल्याचा वास दरवळतोय. आपला हुरडाच तो, फक्त इथं त्याच्यावर शेव पडते. गावात माणूस मावत नाही. काँग्रेस खरं तर नागपूरला भरायची, ती इथं आणली. फ्रेंच गार्डनमधल्या मंडपात 26 तारखेला गोंधळ झाला, बैठक मोडली. आज 27. तुम्ही प्रेक्षकांत उभे आहात. रासबिहारी घोष अध्यक्षपदावरून बोलायला उठलेत, टिळक हाताची घडी घालून व्यासपीठावर ठाम. एवढ्यात हवेतून काहीतरी गरगरत येतं. लाल कातड्याचा, टोकदार, तळाला शिसं ठोकलेला दख्खनी जोडा! तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींना चाटून फिरोजशहा मेहतांवर आदळतो. मग लाठ्या, मग खुर्च्या. आपल्या शाळेच्या पुस्तकातलं वाक्य डोळ्यांदेखत घडतंय म्हणून तुमचे पाय तिथून निघत नाहीत.

निघा. तो जोडा पुढं शंभर वर्षं कुणी ना कुणी सांगणारच आहे.

जुन्या गावातल्या अरुंद गल्लीत शिरा. पुढं कोरीव लाकडी खांब, मागं अंधार. मंडपातून परतलेले पुरुष ओट्यावर तावातावानं बोलतायत: जोडा फेकला कुणी, नेम धरला होता कुणावर? आतल्या खोलीत, भिंतीला पाठ लावून, काळा साडला नेसलेली मुलगी बसली आहे. चौदा-पंधराची असेल. मनगटं मोकळी. आपल्याकडं हिला लाल अलवण नेसवलं असतं. रंग बदलतो, कोपरा तोच. काँग्रेसमध्ये जहाल-मवाळांची फूट पडल्याची बातमी तिच्यापर्यंत पोचते ती अशी, भिंतीआडून, तुकड्यातुकड्यांनी. तिला नाव देण्याचा मोह आवरा. तुम्ही दिलेलं नाव तिच्यावर आणखी एक ओझं होईल.

तिच्याविषयी या गावात बोललं गेलं नव्हतं असं नाही. उलट, सुरतेनं या विषयावर भरपूर शाई खर्ची घातली. 1844 मध्ये दुर्गाराम मेहतांनी इथं मानवधर्म सभा काढली; त्यांच्या जोडीला होते दादोबा पांडुरंग, आपले मराठीचे व्याकरणकार. (सुरतेशी आपलं देणंघेणं नव्हतं म्हणता?) दुर्गाराम विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र त्यांनी कुमारिकेशी लग्न केलं. कवी नर्मद याच गावचा. तो नुसता लिहून थांबला नाही, त्यानं विधवेशी लग्न करून दाखवलं. याच गावात वाढलेल्या बेहरामजी मलबारींनी 1884 मध्ये बालविवाह आणि सक्तीच्या वैधव्यावर टिपणं छापली आणि देशभर वाद पेटवला. विधवाविवाहाचा कायदा तर 1856 सालीच झाला होता. एवढं सगळं झालं, आणि ही मुलगी अजून कोपऱ्यातच. कायद्यानं तिला दुसरं लग्न करायची मुभा दिली. लग्न करायचं नसेल तर राहायचं कुठं, याचं उत्तर कायद्यात नव्हतं.

ते उत्तर याच 1907 साली, याच गावात दोन बायकांनी दिलं: बाजीगौरी मुन्शी आणि शिवगौरी गज्जर. दोघींनाही लहान वयातच वैधव्य आलेलं. विधवांना राहता येईल, शिकता येईल अशी संस्था त्यांनी काढली आणि तिला नाव दिलं वनिता विश्राम.

या नावापाशी जरा रेंगाळा. अण्णासाहेब कर्व्यांनी 1896 मध्ये पुण्यात काढला तो अनाथ बालिकाश्रम. त्याआधी पंडिता रमाबाईंचं शारदा सदन. सुरतेच्या बायकांनी 'अनाथ' म्हटलं नाही, 'विधवा' म्हटलं नाही, विद्येच्या देवीलाही साकडं घातलं नाही. म्हटलं, विश्राम. घरातल्या विधवेच्या वाट्याला काय यायचं? कोपऱ्यातून उठल्यावर पहाटेचं दळण, सगळ्यांची उष्टी, प्रत्येकीचं बाळंतपण. थकलीस का, असं तिला कुणी विचारायचं नाही. बाहेरून दया करणाऱ्याला हे नाव सुचलं नसतं. ते त्या घरात राबलेल्या बाईलाच सुचू शकतं, असं माझं मत आहे, आणि ते बदलायला मी तयार नाही.

आणि योगायोग बघा. 1907 च्याच मार्चमध्ये कर्व्यांनी पुण्यात महिला विद्यालय उघडलं. कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेची कथा आपण भक्तीनं सांगतो, सांगायलाच हवी. पार्वतीबाई आठवल्यांसारखी बाई तिच्यासाठी वर्गणी मागत गावोगाव फिरली. पण सुरतेत दोन विधवांनी स्वतः उभं केलेलं घर आपल्या गोष्टीत कुठंच येत नाही. त्या वर्षीच्या सुरतेतून आपण फक्त जोडा उचलून आणला.

परत या. 2006 च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणाचं पाणी सुटलं आणि तापीनं बहुतेक शहर बुडवलं, हे ध्यानात ठेवून गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडं जा. कागदाचं पाण्यापुढं काही चालत नाही. 'आमची आजीसासू विश्राममध्ये शिकली' हे वाक्य पुरातही टिकतं. विचारताना इतिहास हा शब्द काढू नका. त्यांना वाटेल सनावळ्या विचारतोय. खूणो म्हणा. मग ऐकत बसा.

रिक्षा फाटकापाशी थांबते. आज मैदानात खरंच सेल आहे. रिक्षावाला सुटे पैसे मोजता मोजता विचारतो, साड्या घ्यायच्यात का. त्याला सांगा, खानदेशी बोलीत जमेल तसं, की हे घर दोन विधवांनी काढलं होतं.

आणि गिरगावात राहत असाल तर एवढी रेल्वेसुद्धा नको. प्रार्थना समाजाजवळ, वल्लभभाई पटेल रस्त्यावर मुंबईचं वनिता विश्राम आहे, 1915 पासूनचं. शंभरदा त्याच्यावरून गेला असाल. पुढच्या वेळी फाटकाशी थांबून आत चौकशी करा.