ॲडवेअर

ॲडवेअर : वापरकर्त्यापुढे जाहिराती मांडण्यासाठी, बहुधा दुसऱ्या एखाद्या आज्ञावलीच्या जोडीने, संगणकात बसविण्यात येणाऱ्या आज्ञावलीस ही संज्ञा आहे. स्वतःच्या प्रतिकृती निर्माण करून पसरणाऱ्या संगणकीय विषाणूहून ती भिन्न होय. ती प्रायः वापरकर्त्याच्याच हातून, अर्धवट संमतीने, संगणकात शिरते. ही संमती खरी मानावी किंवा नाही, हा वाद तिच्या इतिहासाच्या केंद्रस्थानी आहे.

उगम : आज्ञावली प्रथम विनामूल्य वापरावयास देऊन ती पसंत पडल्यास मोल स्वीकारण्याच्या पद्धतीचा पाया अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अँड्र्यू फ्लूगेलमन व जिम नॉफ यांनी १९८२ मध्ये घातला. ही पद्धत पुढे ‘शेअरवेअर’ या नावाने रूढ झाली. स्वेच्छेने मिळणाऱ्या मोलाची शाश्वती नसल्याने, इंटरनेटचा प्रसार झाल्यावर ते वापरकर्त्याऐवजी जाहिरातदाराकडून मिळविण्याची कल्पना पुढे आली. ऑपेरा हा नॉर्वेतील ब्राउझर २००० पासून जाहिरातीच्या पट्टीसह विनामूल्य मिळू लागला. मोल देणाऱ्यास ती पट्टी काढता येई. २००५ मध्ये ती सर्वांसाठीच बंद करण्यात आली. अशा प्रकारांत देवघेव उघड होती.

गुप्त प्रकार मात्र लवकरच उजेडात आले. स्टीव्ह गिब्सन या अमेरिकन संगणकतज्ञास २००० मध्ये स्वतःच्या संगणकात ऑरिएट या कंपनीचा जाहिरातविषयक घटक आढळला. तो वापरकर्त्याच्या नकळत इंटरनेटशी संपर्क साधत असे आणि मूळ आज्ञावली काढून टाकल्यावरही मागे राहत असे. तो काढण्यासाठी गिब्सन यांनी ‘ऑप्टआउट’ ही आज्ञावली रचली. ‘ॲड-अवेअर’ (१९९९) व पॅट्रिक कोला यांची ‘स्पायबॉट’ (२०००) ही या काळातील अन्य प्रसिद्ध साधने होत.

प्रसार व कायदेशीर संघर्ष : जाहिरातवितरक कंपन्या प्रत्येक नव्या संगणकामागे मध्यस्थांस मोबदला देत. त्यामुळे कोणत्याही मार्गाने आज्ञावली बसविण्यात मध्यस्थांचे हित निर्माण झाले आणि फायलींची देवाणघेवाण करणाऱ्या काझासारख्या लोकप्रिय आज्ञावलींबरोबर ॲडवेअर घरोघरी पोहोचले. गेटर या कंपनीची आज्ञावली इतरांच्या संकेतस्थळांवर आपल्या जाहिराती झळकवीत असे. म्हणून २००२ मध्ये अनेक अमेरिकन वृत्तपत्र-प्रकाशकांनी तिच्यावर दावा लावला. २००३ मध्ये त्यात तडजोड झाली. त्याच वर्षी कंपनीने ‘क्लॅरिया’ हे नाव घेतले आणि २००६ मध्ये ती या व्यवसायातून बाहेर पडली.

यूटा राज्याने २००४ मध्ये याविषयी कायदा केला. कॅलिफोर्नियाचा कायदा १ जानेवारी २००५ पासून अंमलात आला. फेडरल ट्रेड कमिशन या केंद्रीय आयोगाने केलेल्या कारवाईत झँगो कंपनीने २००६ मध्ये ३० लाख डॉलर, तर डायरेक्ट रेव्हेन्यू कंपनीने २००७ मध्ये १५ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. वापरकर्त्याची स्पष्ट संमती घेतली पाहिजे आणि आज्ञावली सहज काढता आली पाहिजे, ही तत्त्वे या प्रकरणांतून दृढ झाली. लांबलचक करारपत्राच्या पोटात दडवलेले कलम पुरेसे ठरेना. झँगोने कॅस्परस्की या संरक्षक आज्ञावलीच्या उत्पादकावर भरलेला दावाही २००९ मध्ये अपील न्यायालयात अयशस्वी झाला. त्यामुळे अशा आज्ञावली अडविणाऱ्यांस कायद्याचे संरक्षण असल्याचे स्पष्ट झाले.

तथापि हा प्रकार संपुष्टात आला नाही. लेनोवो कंपनीच्या काही संगणकांत विक्रीपूर्वीच ‘सुपरफिश’ ही जाहिरात-आज्ञावली बसविलेली असल्याचे २०१५ मध्ये उघडकीस आले. तिचे प्रमाणपत्र व गुप्त किल्ली सर्व संगणकांत एकच असल्याने बँकांसारख्या सुरक्षित संकेतस्थळांशी होणारा व्यवहारही तिऱ्हाइतास वाचता येण्याचा धोका उद्‌भवला. जाहिरातीचा उपद्रव केवळ त्रासदायक नसून तो सुरक्षिततेस बाधक ठरतो, हे या घटनेने दाखविले. २०१७ मध्ये ‘फायरबॉल’ या आज्ञावलीचा सर्वाधिक फैलाव भारतात असल्याचे चेक पॉइंट या कंपनीने जाहीर केले. तिचे एकूण आकडे अतिरंजित असल्याचे मायक्रोसॉफ्टचे मत होते.

निष्कासन : प्रथम संगणकातील आज्ञावलींची यादी बसविल्याच्या दिनांकानुसार लावून, उपद्रव सुरू झाला त्या सुमारास आलेल्या अनोळखी आज्ञावली काढतात. नंतर ब्राउझरमधील अपरिचित पुरवण्या काढून मुखपृष्ठ व शोधयंत्र पूर्ववत करतात, तसेच संकेतस्थळांना सूचना पाठविण्यास दिलेली परवानगी रद्द करतात. यानंतर ‘ॲडडब्ल्यूक्लीनर’सारख्या साधनाने तपासणी करून संगणक पुन्हा सुरू करतात. उपद्रव परतल्यास संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारी व ठरावीक वेळी चालणारी कार्ये तपासावी लागतात. कारण काढलेला घटक तीच पुन्हा बसवीत असतात.

प्रतिबंध : आज्ञावली मूळ उत्पादकाकडूनच घेणे, बसविताना सविस्तर पर्याय निवडून आधीच केलेल्या अनावश्यक खुणा काढणे, दैनंदिन वापरासाठी मर्यादित अधिकारांचे खाते ठेवणे आणि प्रचालन प्रणाली अद्ययावत राखणे, हे मुख्य उपाय होत. संगणकात विषाणू असल्याची भीती घालून एखादे साधन उतरवून घ्यावयास सांगणारी जाहिरात हाच अनेकदा उपद्रवाचा मार्ग असतो. भारतात परवानगीवाचून संगणकात दूषित घटक शिरविणे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ खाली येते. शासनाने २०१७ मध्ये स्थापन केलेले सायबर स्वच्छता केंद्र शुद्धीकरणाची साधने विनामूल्य पुरविते.