यवतमाळच्या ‘फ्री मेथॉडिस्ट’ चर्चमधलं ‘फ्री’ म्हणजे काय?

यवतमाळमधलं फ्री मेथॉडिस्ट चर्च मूळचं अमेरिकेतलं. त्याच्या नावातल्या ‘फ्री’चा अर्थ ‘मोफत’ असा आहे का? काही अंशी, हो.

नाव कसं पडलं?

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या अनेक चर्चमध्ये बसायची बाकं भाड्यानं दिली जात. पैसेवाल्यांना चांगली जागा मिळे, गरिबांना उरलेली. बेंजामिन टायटस रॉबर्ट्स या पाळकांनी याला विरोध केला. मेथॉडिस्ट चर्चमधून त्यांना काढून टाकण्यात आलं. १८६० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पेकिन इथं नवं चर्च स्थापन झालं. तिथं बाकं सगळ्यांना मोफत होती आणि गुलामगिरीला ठाम विरोध होता. म्हणून ‘फ्री’, म्हणजे मोफत आणि मुक्तही.

विदर्भात कसं आलं?

अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड हे मिशनरी दांपत्य १८८१ मध्ये भारतात आलं. त्यांनी सुरुवात बऱ्हाणपूरला केली. पुढे काम वऱ्हाडात पसरलं आणि यवतमाळ हे मिशनचं मुख्य केंद्र बनलं. जिल्ह्यात उमरी इथं मिशनचं हॉस्पिटल उभं राहिलं.

१९५३ मध्ये यवतमाळला ‘युनियन बिब्लिकल सेमिनरी’ सुरू झाली. हे पाळक आणि धर्मशिक्षक घडवणारं महाविद्यालय. वेगवेगळ्या पंथांनी ते मिळून चालवलं, म्हणून ‘युनियन’. देशभरातले विद्यार्थी शिकायला यवतमाळला येऊ लागले. १९८३ मध्ये ही संस्था पुण्यात बिबवेवाडीला गेली.

१९७० मध्ये अनेक प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ तयार झालं. फ्री मेथॉडिस्ट त्यात सामील झाले नाहीत. त्यांची ओळख वेगळी राहिली.

मग यात मराठी काय?

चर्च अमेरिकेतून आलं, तरी इथल्या उपासनेला मराठीचा मोठा आधार मिळाला. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये नारायण वामन टिळकांची (१८६१–१९१९) गीतं पंथभेद न मानता गायली जातात. टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तनाची परंपरा ख्रिस्ती भक्तीत आणली. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेला बायबलचा मराठी अनुवाद १९२४ मध्ये आला.

काय जपायला हवं?

मिशनरी आपले अहवाल अमेरिकेतल्या वाचकांसाठी इंग्रजीत लिहीत. त्यामुळे त्यांची नावं इतिहासात राहिली. पण गावोगाव फिरणारे मराठी पाळक, शिक्षक, परिचारिका आणि घरोघरी जाऊन वाचून दाखवणाऱ्या ‘बायबल स्त्रिया’ यांच्याबद्दल फारच थोडं लिहिलं गेलं. त्यांचा माग बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या जुन्या नोंदवह्यांत लागू शकतो, किंवा वयस्कर माणसांच्या आठवणींत. वह्यांची पानं जीर्ण होण्याआधी त्यांचे फोटो काढून ठेवले आणि आजी-आजोबांचं बोलणं रेकॉर्ड केलं, तर या इतिहासाची मराठी बाजूही टिकेल.