भूर्जवृक्ष आणि होळीचा एरंड

परदेशी गेलेल्या आपल्याकडील गृहस्थास तेथील सण पाहताना दोन मोह होतात. जे दिसेल ते सर्व अपूर्व मानावे, हा एक; आणि जे दिसेल ते मुळात आपल्याच घरून गेलेले आहे असे म्हणावे, हा दुसरा. आम्हांस हे दोन्ही मोह एकाच रात्री झाले. ती रात्र सन २०२४ मधील ३० एप्रिलची, आणि स्थळ ऱ्हाइन नदीच्या काठचे बॉन शहर.

त्या प्रदेशात वसंतागमनाचा सण या रात्री होतो. तरुणाने आपल्या आवडत्या मुलीच्या दारी, रंगीत कागदी फितींनी सजविलेले भूर्जाचे कोवळे झाड बांधून ठेवावे व उजाडण्यापूर्वी निघून जावे, अशी रीत आहे. झाडावर हृदयाच्या आकाराची फळी असते व तीवर तिचे नाव. महिनाभर झाड तेथेच राहते. मे महिना सरला की ज्याने बांधले त्यानेच ते उतरावयाचे आणि मुलीच्या घरच्यांनी त्याचा पाहुणचार करावयाचा, असा संकेत आहे. लीप वर्षी मात्र सारे उलट. त्या वर्षी झाड न्यावयाचे ते मुलींनी. आम्ही पाहिले ते वर्ष नेमके असे होते. रात्री अकराच्या सुमारास चार मुली एक लांबलचक झाड खांद्यावर घेऊन आल्या व एका घरापुढे थांबल्या. पावसाच्या पाण्याच्या नळीस ते तारेने बांधावयाचे होते आणि एक हात कमी पडत होता. त्यांनी आम्हांस खुणेने बोलाविले. आम्ही बुंधा धरून उभे राहिलो. तार पिळली गेली, फिती वाऱ्यावर सळसळू लागल्या. त्या मुलींनी आभार मानले व त्या अंधारात निघून गेल्या.

हातास लागलेली ती पांढरी साल पाहताच दुसऱ्या मोहाने डोके वर काढले. या झाडास जर्मन लोक ‘बिर्के’ म्हणतात. आपला संस्कृत ‘भूर्ज’ शब्द तो हाच. या दोन शब्दांचे नाते भाषाशास्त्राने निर्विवाद ठरविले आहे. मग मन पुढे धावू लागले. कोकणात शिमग्याला आंब्याचे वा सावरीचे झाड तोडून, ढोलताशांच्या गजरात नाचवीत आणून, होळी म्हणून उभे करतात. देशावर होळीच्या मधोमध एरंड रोवितात. होळीसाठी लाकडे व गोवऱ्या चोरून आणण्याची आपल्या पोरांस त्या दिवसांपुरती मुभा असे. बव्हेरियात एका गावाचा मे-स्तंभ दुसऱ्या गावाने रातोरात पळवावा आणि बिअर व जेवण वसूल करून परत करावा, अशी पद्धत आहे. इतके साम्य पाहिल्यावर दोन्ही सण एकाच आर्य आजोबांची नातवंडे आहेत, असे कोणास वाटणार नाही?

असे वाटणारे आम्हीच पहिले नव्हे. याकोब ग्रिम याने १८३५ साली जर्मन दैवतकथांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच वाटेने विल्हेल्म मानहार्ट याने १८७५ ते १८७७ या काळात मे-वृक्षादी चालींतून प्राचीन वृक्षपूजेचा सिद्धांत उभारला. आणि फ्रेझरने १८९० पासून तो जगभर नेला. परंतु शब्दाचे कुळ एक म्हणून रूढीचे कुळ एक ठरत नाही. हिवाळा संपून पालवी फुटली की झाड आणून दारी लावावे, ही बुद्धी कोणत्याही दोन देशांतील माणसांस एकमेकांस न विचारता होऊ शकते. इतिहासाने लेख्य पुराव्याकडेच पाहावे.

आणि पुरावा निराळीच कथा सांगतो. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात आखेन येथे एका धर्मगुरूने असे झाड तोडविले, तेव्हा तेथील अधिकाऱ्याने त्याहून उंच झाड उभे करविले. अठराव्या शतकात अनेक जर्मन राज्यकर्त्यांनी जंगले राखण्यासाठी या वृक्षतोडीस मनाई केली. १७९२ पासून फ्रेंच सेना ऱ्हाइनकाठी उतरल्या आणि त्याच तऱ्हेची झाडे ‘स्वातंत्र्यवृक्ष’ म्हणून चौकांत उभी राहिली. १८८९ च्या पॅरिस येथील समाजवादी परिषदेने १ मे हा दिवस कामगारांचा ठरविला. १९३३ साली हिटलरच्या राजवटीने त्याच दिवसास राष्ट्रीय सुटी दिली, मोठा समारंभ केला आणि दुसऱ्याच दिवशी, २ मे रोजी, कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या. आर्य आजोबांचा शोध कोणत्या टोकास जातो, हेही त्याच राजवटीने जगास दाखविले. झाड तेच राहिले. धरणारे हात बदलले की त्याचा अर्थ बदलला.

म्हणून सणाचे मूळ शोधण्यापेक्षा त्यात कोणास कसे वागविले जाते हे पाहणे आम्हांस अधिक अगत्याचे वाटते. ऱ्हाइनकाठच्या खेड्यांत अविवाहित मुलींचा मे महिन्यापुरता लिलाव पुकारण्याची चाल होती. काही ठिकाणी ती अद्याप आहे. सर्वांत मोठी बोली लावणारा ‘मे-राजा’ होई. थट्टा म्हणून ती चालली, तरी बोली मुलीवर लागे, मुलीने लावावयाची नसे. आपण हसण्याचे कारण नाही. आपल्या शिमग्यातील अश्लील बोंबा कोणाच्या आयाबहिणींस लागत, हे सुधारकांस वारंवार लिहावे लागले. गावगाड्यात पहिल्या पोळीच्या मानावरून तंटे होत, आणि गावकुसाबाहेर ठेवलेल्यांची होळी गावकुसाबाहेरच पेटे.

याच बॉनमध्ये विद्यापीठ स्थापन झाले त्याच वर्षी, १८१८ साली, श्लेगेल प्राध्यापक झाला व १८२३ साली त्याने देवनागरी अक्षरांत भगवद्गीता छापली. आणि याच विद्यापीठात २९ एप्रिल १९२१ रोजी, म्हणजे मे-रात्रीच्या आदल्या दिवशी, संस्कृत विद्येच्या अभ्यासासाठी नाव नोंदले गेले ते भीमराव आंबेडकरांचे. त्यांना मुंबईत शाळेत असता संस्कृत शिकू दिले नाही, फारसी घ्यावी लागली. बॉनचा तो अभ्यासही पुढे चालला नाही. जानेवारी १९२२ मध्ये नाव पटावरून कमी झाले. तथापि जे दार घरच्यांनी लावून घेतले होते ते परक्या गावी एकदा तरी उघडले, ही नोंद पुसली जात नाही. पुढे १९५० साली त्यांच्याच संस्थेने आमच्या या शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, महाविद्यालय काढले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. दार उघडण्याचे काम त्यांनी अशा रीतीने आमच्या गावी केले.

आज छत्रपती संभाजीनगरात फाल्गुनी पौर्णिमेस चौकाचौकांत होळी रचली जाते. बॉनमधील त्या चार मुलींस आमचे नाव, गाव, जात काहीच ठाऊक नव्हते. त्यांना एक हात हवा होता व तो त्यांनी मागितला. आमच्या चौकात एरंड रोविताना बुंधा धरावयास आपण कोणास हाक मारतो, आणि कोणास मारीत नाही, हे येत्या होळीस प्रत्येकाने आपल्या डोळ्यांनी पाहावे, इतकीच आमची विनंती आहे.